राउटर टेबल : कापाची खोली
घरी बनवलेल्या राउटर टेबलात राउटर फळीखाली उलटा टांगलेला असतो. बिट फळीच्या वर जितके डोकावते, तितकी कापाची खोली.

हाताने ती साधणे जिकिरीचे, कारण यंत्राचे वजनच त्याला खाली ओढते. म्हणून काहीजण खाली मोटारीचा कात्री जॅक बसवतात, काही आट्यांची सळई. सळई अधिक भरवशाची. प्रमाणित एम-६ सळईच्या आट्यांतले अंतर १ मिमी असते; पाव फेऱ्याला बिट ०.२५ मिमी चढते. जॅक मात्र प्रत्येक उंचीवर वेगळ्या प्रमाणात चढतो. नट-सळईत थोडी ढिलाई असतेच, तेव्हा बिट आधी खाली नेऊन चढवतच मापावर आणावे.

१२ मिमीची खाच तीन-चार टप्प्यांत कापावी. खोली बदलताना प्लग काढलेलाच हवा.