जळालेल्या उसातील साखर का घटते?

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या फडाला आग लागल्याच्या बातम्या वाचनात येऊ लागतात. विजेच्या तारांतून पडलेली ठिणगी असो वा शेजारच्या शेतात पेटविलेले पाचट असो, उसाची वाळलेली पाने काही मिनिटांत भस्मसात होतात. आग विझते तेव्हा काळवंडलेले ऊस मात्र फडात उभेच असतात. वरकरणी शाबूत दिसणाऱ्या या उसाच्या तोडणीसाठी शेतकऱ्याची इतकी धावपळ का होते, याचे उत्तर साखरेच्या रसायनशास्त्रात सापडते.

आपण खातो ती साखर म्हणजे सुक्रोज. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन मूलद्रव्ये तिच्यात असतात. कोरडी साखर भांड्यात तापविली असता सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वितळू लागते व तिचे विघटनही होऊ लागते. रेणूंतून पाणी बाहेर पडते, नवी संयुगे तयार होतात आणि सोनेरी-तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे कॅरॅमल बनते. उष्णता वाढतच गेली तर गोडी जाऊन कडवटपणा येतो व शेवटी काळा कोळसा उरतो. भरपूर हवेत साखर पूर्णपणे जळाली, तर तिचे कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ यांत रूपांतर होते.

उभ्या उसात मात्र असे घडत नाही. उसाच्या कांड्यात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि पाचटाची आग फार वेळ टिकत नाही. त्यामुळे कांड्यातील साखरेचे कॅरॅमल किंवा कोळसा होत नाही. खरे नुकसान आग विझल्यानंतर सुरू होते. आगीच्या धगीने उसावरील मेणाचा थर वितळतो व सालीला तडे जातात. या तड्यांतून ल्युकोनोस्टॉकसारखे जीवाणू आत शिरतात. ते साखर खातात, आम्ल निर्माण करतात आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. त्याच वेळी उसातील विकरांमुळे सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विघटन होऊ लागते. या मिश्रणाला ‘इन्व्हर्ट शुगर’ म्हणतात. ते गोड असले तरी त्यापासून साखरेचे स्फटिक मिळत नाहीत. पाणी उडून गेल्याने उसाचे वजनही घटते. डेक्स्ट्रानमुळे रस घट्ट होऊन गाळणे व स्फटिकीकरण अवघड जाते. परिणामी उतारा घसरतो आणि अनेक ठिकाणी जळीत उसाच्या रकमेत कपात केली जाते.

सुक्रोजचे हे विघटन उष्णता व आम्लता यांनीही वेगाने होते. म्हणूनच कारखान्यात रसात चुना मिसळून त्याची आम्लता कमी केली जाते आणि निर्वात पात्रात दाब कमी करून रस ७० अंशांच्या आसपासच उकळविला जातो. या निर्वात पात्राची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी प्रत्यक्षात आणली. गुऱ्हाळात मात्र रस उघड्या काहिलीत आटवितात. भेंडीच्या चिकट रसाने मळी वर आणून ती काढतात आणि पाक सुमारे ११८ अंशांवर पोहोचला की काहील उतरवितात. उतरविण्यास उशीर झाल्यास गूळ काळपट होतो. गुळाचा तपकिरी रंग हा शर्करांचे कॅरॅमल होणे आणि शर्करा व अमिनो आम्ले यांची परस्पर अभिक्रिया या दोहोंमुळे येतो.

काही देशांत तोडणी सोपी व्हावी म्हणून ऊस मुद्दाम पेटविला जातो. पण तेथे आगीपाठोपाठ तोडणी व गाळप करण्याचे नियोजन असते. तरीही धूर व काजळीच्या उपद्रवामुळे ब्राझीलमधील साओ पाउलो राज्याने २००२ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा केला.

महाराष्ट्रात तोडणीनंतर पाचट जाळण्याची प्रथा अद्याप अनेक गावांत आहे. त्या आगीत पाचटातील सेंद्रिय पदार्थ व बहुतेक सर्व नत्र हवेत निघून जाते. शिवाय वाऱ्याने आग शेजारच्या उभ्या फडात शिरण्याचा धोका राहतो. तेच पाचट सरीत पसरून, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजविणारे जीवाणू टाकल्यास खोडव्याला खत मिळते व जमिनीतील ओल टिकते.

फडाला आग लागलीच, तर कारखान्यास तत्काळ कळवून ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळपास जाईल असे पाहावे. तोडलेला जळीत ऊस उभ्या जळीत उसापेक्षा लवकर खराब होतो. म्हणून वाहनाची व्यवस्था झाल्याखेरीज तो तोडून शेतात टाकून ठेवू नये.