खोट्या तिकिटाची खरी गोष्ट

मुंबई-गोवा महामार्गावर रत्नागिरीकडे जिथे फाटा फुटतो, ते आमचे हातखंबा. मुंबईत नोकरीला असलेले माझे काका मे महिन्यात गावी येत, ते माझ्यासाठी टपाल तिकिटे घेऊनच. एका वर्षी त्यांनी एक निळे त्रिकोणी तिकीट माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, "केप ऑफ गुड होपचं आहे. जपून ठेव. अडीनडीला उपयोगी पडेल."

केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे टोक, तेव्हाची इंग्रजांची वसाहत. १ सप्टेंबर १८५३ रोजी तिथे एक पेनीचे विटकरी आणि चार पेनींचे निळे, अशी दोन तिकिटे निघाली. जगातली ही पहिली त्रिकोणी तिकिटे. नांगराला टेकून बसलेली आशादेवी त्यांवर आहे. ती लंडनला पर्किन्स बेकन कंपनीत छापली जात. १८६१ मध्ये साठा अपुरा पडला, तेव्हा केपटाउनमधल्याच छापखान्यात घाईने काम उरकले. त्या घाईत एकाचा ठसा दुसऱ्याच्या संचात गेला. काही लाल तिकिटे निळी झाली, काही निळी लाल. ही चूक आज संग्राहकांना सोन्याहून मोलाची.

आपल्याकडे आशियातली पहिली चिकटवायची तिकिटे १८५२ मध्ये सिंधमध्ये निघाली, बार्टल फ्रिअर तिथे कमिशनर असताना. हे गृहस्थ त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट होते. पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८७७ मध्ये थेट केपचे. सिंधचे तांबडे तिकीट लाखेसारखे ठिसूळ. त्याचे तुकडे पडत, म्हणून ते दुर्मीळ झाले. आणि जे दुर्मीळ, त्याची नक्कल ठरलेली. मग सिंध असो की केप.

ती ओळखायची कशी? लंडनला छापलेली केपची तिकिटे कोरीव प्लेटवरची. कोरलेल्या रेषांतली शाई कागदावर किंचित उठून बसते. तिकीट दिव्याखाली तिरपे धरून भिंगातून पाहावे. नकली तिकीट बहुधा शिळाछापाचे, त्याची शाई सपाट. उजेडासमोर धरल्यावर अस्सल कागदात नांगराचे जलचिन्ह दिसते. मात्र एकाच खुणेवर विसंबू नये. फ्रान्समध्ये राहणारा झाँ दे स्पेराती स्वस्तातल्या खऱ्या तिकिटावरचे चित्र रसायनाने उडवी आणि त्याच कागदावर महागडे तिकीट छापी. कागद अस्सल, शिक्काही अस्सल! १९४२ मध्ये कस्टमने त्याची तिकिटे पकडली, तेव्हा "या मी केलेल्या नकला आहेत" असे तोच सांगू लागला आणि तज्ज्ञांना ते पटेना.

हे सगळे मी इतरांना शिकवले, त्यांची तिकिटे तपासून दिली. काकांचे तिकीट मात्र कधी भिंगाखाली धरले नाही. त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखे वाटे. पुढे मुलीच्या कॉलेजची फी भरायची वेळ आली आणि काकांचे शब्द आठवले. विकण्याआधी पाहून घ्यावे म्हणून भिंग काढले. शाई सपाट. जलचिन्हाचा पत्ता नाही. काका तोवर गेले होते.

एका विक्रेत्याला खरे सांगितले, तर तो म्हणाला, "द्या हो, मी पुढे खपवतो." रक्कम बरी होती. दोन रात्री झोप लागली नाही. कारण ज्याने ही नक्कल केली, तो केव्हाच मेला असेल. पण तिकीट ज्याच्या हाती जाईल, तो नव्याने फसणार. काकाही असेच फसले असतील, तेही पुतण्यासाठी पदरचे पैसे घालून. मी फी पतपेढीच्या कर्जातून भरली.

तिकीट अजून माझ्या आल्बममध्ये पहिल्या पानावर आहे. पाठीमागे शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे : 'नकली. काकांची भेट. विकू नये.'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)