तक्रार म्हणजे तलाक नव्हे : कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा काय देतो

नवऱ्याचा मार खाऊन मुलगी माहेरी आली की किनवटसारख्या गावात आधी चार बुजुर्गांची बैठक बसते. बैठक गैर नाही. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीत दोन्ही घरांकडून एकेक पंच नेमायला सांगितलेच आहे. पण आमच्या बैठकींत मुलीच्या बाजूने बोलणारा पंच असतोच असे नाही. शेवटी "घर की बात घर में" म्हणून तिला परत पाठवतात. कोर्टाचे नाव निघाले की अम्मीच आधी घाबरते, कारण कोर्टात जाणे म्हणजे निकाह मोडणे असे तिला वाटते.

तसे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे आणि तलाकशी त्याचा संबंध नाही. यात मॅजिस्ट्रेट नवऱ्याला आदेश देतात : मारू नको, धमकावू नको, घराबाहेर काढू नको, खर्च दे. मुलांचा तात्पुरता ताबाही आईला मिळू शकतो. निकाह जागच्या जागी राहतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हिंसा म्हणजे फक्त हात उगारणे नव्हे. शिवीगाळ, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, जबरदस्तीचा संबंध, दागिने काढून घेणे, घरखर्च बंद करणे, हे सगळे कायद्यात येते. "घर माझ्या बापाच्या नावावर आहे, निघ इथून" हे तर नेहमीचे वाक्य. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात सांगितले आहे की सून ज्या घरात संसार करत राहिली, ते सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते.

दुसरी धमकी तलाकची. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच्या बऱ्याच आधी, मे २००२ मध्ये, आपल्या शेजारच्या लातूरच्याच एका प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने म्हटले होते की तलाक दिला एवढे सांगून भागत नाही. कारण काय होते, समेटाचा प्रयत्न झाला का, हे नवऱ्याला सिद्ध करावे लागते. तलाक खरोखर झाला तरी आधीच्या मारहाणीची दाद मागता येते. मुंबईच्या एका मुस्लिम महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले. आणि जिला स्वतःलाच सुटका हवी, तिच्यासाठी खुला आहे. नवरा खुल्याला तयार नसेल तर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आहे. छळ किंवा दोन वर्षे पोटगी न देणे, ही त्यात कारणे आहेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याची हिंसा सोसल्याचे सांगितले. देशभर हिंसा सोसलेल्या शंभर जणींपैकी जेमतेम १४ जणींनी मदत मागितली.

मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जावे, कशाने लागले ते खरे सांगावे आणि केसपेपर जपून ठेवावा. "पाय घसरून पडले" असे लिहून घेतले की पुढे पुरावा राहत नाही. निकाहनाम्याची झेरॉक्स माहेरी असू द्यावी. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट कोर्टात देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागावा.

किनवटच्या कितीतरी मुली आदिलाबादकडे दिलेल्या असतात. अशा मुलीला तेलंगणात खेटे घालायची गरज नाही. ती तात्पुरती जरी माहेरी राहत असली तरी किनवटच्याच कोर्टात अर्ज करू शकते, आणि इथला आदेश तिकडेही लागू होतो. वकिलाच्या फीची काळजी नको : बाईचे किंवा तिच्या वडिलांचे उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून तिला मोफत वकील मिळतो. रात्री-अपरात्री ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा नंबर लावावा.