दोन चुलींचा हिशेब



‘मुंबईत राहायला महिन्याला किती लागते?’ हा प्रश्न परळ-लालबागात प्रथम विचारला तो काही अर्थशास्त्रज्ञांनी नव्हे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरहून आलेल्या गिरणी कामगारांनी. शहर श्रीमंत आणि त्यात राबणारा परगावचा. अशा माणसाचा खर्च कोणी व कसा मोजावा, यावरून येथे अर्धे शतक झगडा चालला. तोच इतिहास थोडक्यात मांडतो.

हा माणूस राहत कसा होता, ते आधी पाहू. १९२० च्या दशकात सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एकट्या आलेल्या पुरुषाला तेवढीही परवडत नसे. तो गावकीच्या खोलीत वळकटी टाकी. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागी रातपाळीवाला निजे. जेवण खाणावळीत, पैसे महिन्याने. खाणावळ चालविणारी बाई बहुधा कामगाराच्याच घरातली. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

आता उधारीचे पाहा. १९३६ च्या वेतन कायद्याने मोठ्या कारखान्यांना महिना संपल्यावर पगारासाठी दहा दिवसांची मुदत दिली. म्हणजे एक तारखेला कामाला लागलेल्याने चाळीस दिवसांपर्यंत काढायचे कसे? वाण्याच्या वहीवर, नाहीतर सावकाराच्या व्याजावर. हे व्याज म्हणजेही मुंबईतल्या राहणीचा खर्चच!

सरकारने १९२१ साली मुंबईत कामगार कचेरी उघडली आणि कामगारांच्या खर्चाची पाहणी सुरू केली. पुढे जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष १०० धरून निर्देशांक काढला जाऊ लागला. ते मंदीचे वर्ष. भाव उतरले म्हणून गिरण्यांत पगार कापले गेले आणि एप्रिल १९३४ मध्ये मोठा संप झाला. १९३९ साली युद्ध सुरू होताच भाव चढू लागले. पण पगार आपणहून चढले नाहीत. मार्च १९४० मध्ये महागाई भत्त्यासाठी पुन्हा गिरण्या बंद पडल्या. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने किमान मूळ वेतन महिना ३० रुपये ठरविले आणि भत्ता निर्देशांकाशी जोडला. तेव्हापासून कचेरीतला एक आकडा कामगाराच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला.

साहजिकच आकड्यावर लक्ष ठेवणे आले. बाजारात भाव चढतात आणि निर्देशांक मागे राहतो, अशी तक्रार वाढत गेली. २० ऑगस्ट १९६३ रोजी कामगारांनी बंद पाळला. सरकारने नेमलेल्या लकडावाला समितीला निर्देशांकात दुरुस्ती हवी असल्याचे आढळले. गिरणीत राबणारा माणूस संख्याशास्त्राशी वाद घालतो आणि त्याचे म्हणणे खरे ठरते, ही गोष्ट मला संपाइतकीच मोलाची वाटते.

तरीही एक खर्च मोजायचा राहिलाच. गावी धाडलेली मनिऑर्डर निर्देशांकात धरत नाहीत. कारण ती म्हणजे काही विकत घेतलेली वस्तू नव्हे. शास्त्र म्हणून हे चूक नाही. परंतु कामगाराच्या चुली दोन होत्या. एक मुंबईत, दुसरी गावात. पगार एका चुलीच्या हिशेबाने ठरे आणि त्यावर दोन्ही पेटवाव्या लागत. उलट, मुले वाढविणे, आजारपण, म्हातारपण हा भार गावातली शेती आणि घरची बाई उचले. गिरणीचे कापड स्वस्त पडे, त्यात या बाईच्या कष्टाचाही वाटा होता; तो मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगार थांबला, तेव्हा हजारो कामगारांना आधार दिला तो गावच्या चुलीने आणि खाणावळीच्या उधारीने.

गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले; पण प्रश्न जागच्या जागीच आहे. रत्नागिरीचा तरुण आज कतार-कुवेतच्या श्रीमंत राज्यात खोली वाटून घेतो. आमच्या मनोऱ्यांच्या फाटकावर उत्तरेकडचा पहारेकरी उभा असतो. मनिऑर्डर जाऊन मोबाईल आला, एवढाच फरक. त्याचा पगार पुरतो की नाही, हे ठरवायला बसाल तेव्हा त्याच्या घरी चुली किती, एवढे आधी विचारा. अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.