बिल्यर्ड्‌झ : नेमाचे शिक्षण

बिल्यर्ड्‌झमधील अचूक नेम ही जन्मजात देणगी समजली जाते. परंतु खेळाचा इतिहास पाहता ही कला साधनांच्या सुधारणेबरोबर शिकण्याजोगी झाली, असे दिसते. प्रारंभी जाड डोक्याच्या दांड्याने चेंडू ढकलीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काठीच्या (क्यू) टोकास चामडे बसविण्याची पद्धत फ्रान्समध्ये पडली. तिचे श्रेय मँगो या खेळाडूस देतात. पुढे पाटीच्या दगडाची मेजे व रबरी कडा आल्या. एकाच फटक्याचा एकच परिणाम मिळू लागल्यावर सरावाला अर्थ आला.

नवशिक्यास प्रथम ‘अर्धचेंडू’ फटका शिकवितात. आपल्या चेंडूचा मध्य लक्ष्यचेंडूच्या कडेवर रोखला, म्हणजे लक्ष्यचेंडू मूळ दिशेशी सु. ३०° चा कोन करून जातो. इतर कोनांसाठी खिशाच्या रेषेत, लक्ष्यचेंडूच्या मागे त्याला टेकलेला एक चेंडू कल्पून त्याच्या मध्यावर नेम धरतात. नेम चुकण्याचा दोष बहुधा डोळ्यांचा नसतो. कोपर बाजूला सरकते किंवा फटक्याबरोबर मान उचलली जाते.

भारतात हा खेळ इंग्रजांनी आणला. स्नूकर हा त्याचा प्रकार १८७५ मध्ये जबलपूर येथील लष्करी भोजनगृहात निघाला, असे मानतात. जबलपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि चांदा जिल्ह्यातील आरमोरीही त्याच प्रांतात. पण बारा फुटी मेज छावण्या व क्लब यांबाहेर क्वचितच गेले. टकरीच्या कोनांचे हेच गणित गावोगावची मुले गोट्या व कॅरम यांवर शिकत. क्लबांत गुण मोजणारा ‘मार्कर’ सभासदांबरोबर खेळे व त्यांना शिकवी. सभासदांच्या स्पर्धांत मात्र त्याला स्थान नसे. या खेळाच्या लिखित इतिहासात मार्करची दखल फारच अपुरी घेतली गेली आहे.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते होत. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ व १९८३ मध्ये जगज्जेते झाले. निवृत्तीनंतर जोन्स यांनी तरुणांना शिकविले; त्यांना १९९६ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शहरांतील पूल खेळाचे मेज लहान व खिसे मोठे असले, तरी अर्धचेंडूचा कोन तेथेही तोच राहतो.