साखर कारखान्याचें गटार

घरांतील मोरी तुंबली म्हणजे शहाणी गृहिणी प्रथम खरकट्याचा शोध घेते. भाताचीं शितें, भाजीचे देंठ आणि तुपातेलाचा ओशटपणा हीं एकत्र आलीं कीं त्यांचा गोळा बनतो व पाणी माघारीं फिरतें. मोरींत जें अडकतें तें बहुधा अन्नच असतें. मग जेथें खाद्यपदार्थ हजारों मणांनीं तयार होतो, अशा कारखान्यांत हा प्रकार केवढा होत असेल? सोलापूर जिल्ह्यांतील वेळापूरच्या परिसरांत हा प्रश्न उसाबरोबरच आला.

वेळापूर हें माळशिरस तालुक्यांतील जुनें गांव. तेथील अर्धनारीनटेश्वराचें मंदिर यादवकाळाची साक्ष देतें, आणि आषाढी वारींत ज्ञानेश्वर माउलींची पालखी पंढरपुराकडे जातांना तेथें मुक्काम करते. हा मुलूख मूळचा कमी पावसाचा. १९२८ सालीं भाटघरचें मोठें धरण पुरें झालें. पुढें नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी या बाजूस खेळूं लागलें आणि ज्वारीच्या रानांत ऊंस उभा राहिला. १९३२ सालीं सरकारनें साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा केला. त्याच सालीं सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं 'सासवड माळी शुगर फॅक्टरी' ही कंपनी स्थापन केली. तिच्या कारखान्याभोवतीं जी वस्ती वाढली तीच माळीनगर. १९३४ सालीं चंद्रशेखर आगाशे यांनीं 'बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट' काढली आणि तिचा कारखाना याच तालुक्यांत श्रीपूर येथें उभारला. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोहिते-पाटील यांच्या पुढाकारानें अकलूज येथें सहकारी कारखाना निघाला. एका पिढीच्या अवधींत या तालुक्याचें रूप पालटलें.

उंसाचा हिशोब मोठा मनोरंजक आहे. शंभर मण उंसांत सुमारें सत्तर मण पाणीच असतें. चरकांतून तो पिळून निघाला म्हणजे सुमारें तीस मण ओलें चिपाड उरतें. त्यासच कारखान्यांत बगॅस म्हणतात व तें बॉयलरखालीं जळतें. रस निवळतांना तीन-चार मण गाळ निघतो, तो शेतांत खत म्हणून जातो. साखर दहा-अकरा मण पडते आणि शेवटीं चारेक मण काळी, चिकट मळी राहते. परंतु या जमाखर्चांत न दिसणारा आणखी एक अंश असतो, आणि तो गटाराच्या वाटेनें जातो.

पंपांच्या सांध्यांतून रस ठिबकतो. उकळत्या कढयांतून वाफेबरोबर रसाचे थेंब उडतात. चरकाच्या रुळांना घातलेलें वंगण खालीं ओघळतें, बगॅसचा बारीक भुसा हवेंतून येऊन त्यावर बसतो, आणि जमीन धुतांना हें सारें गटारांत लोटलें जातें. भुसा आणि वंगण यांचा थर प्रथम भिंतीस धरतो. गोड पाणी त्यांत अडतें आणि आंबतें. आंबल्यावर त्याचें आम्ल होतें व तें सिमेंट खातें. अशा रीतीनें गटार एकाच वेळीं तुंबतें आणि झिजतेंहि.

या गोड पाण्यांत आणखी एक चमत्कार घडतो. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स व जर्मनींतील बीट-साखरेच्या कारखान्यांत नळ आणि गाळण्या एकाएकीं बुळबुळीत चिकानें भरून जात. तेथील लोक त्यास बेडकाचीं अंडीं म्हणत, कारण दिसण्यांत तो तसाच होता. १८६१ सालीं लुई पाश्चर यानें दाखविलें कीं हा चीक सूक्ष्म जंतूंचें कार्य आहे. १८७८ सालीं व्हान टिघेम यानें त्या जंतूंस ल्यूकोनोस्टॉक हें नांव दिलें. हे जंतू साखरेचा डेक्स्ट्रान नांवाचा चिकट पदार्थ बनवितात. उंसाच्या कारखान्यांतहि ते तितक्याच आनंदानें नांदतात. तोडलेला ऊंस गाडींत दिवस-दिवस पडून राहिला किंवा चरकाचा पायथा धुतला गेला नाहीं, कीं त्यांचें फावतें. उपाय साधा आहे: ऊंस ताजा गाळावा आणि चरक वारंवार कढत पाण्यानें वा वाफेनें धुवावा.

याच चिकाची पुढील कथा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत स्वीडनमधील उप्साला येथें ग्रोनवॉल आणि इंगेलमान या दोघां शास्त्रज्ञांनीं डेक्स्ट्रानचा अभ्यास केला. त्यांना असें आढळलें कीं तें योग्य रीतीनें शुद्ध केलें असतां, रक्तस्राव झालेल्या रोग्याच्या शिरेंत रक्तद्रवाच्या जागीं देतां येतें. १९४७ सालीं तें औषध म्हणून प्रचारांत आलें. ज्या पदार्थानें कारखान्यांचे नळ कोंडले, त्यानेंच रोग्यांचे प्राण राखले. मळीचीहि हीच गोष्ट. १९३२ च्या कायद्यानंतर देशांतील साखर कारखान्यांची संख्या चारपांच वर्षांत तिसांच्या आसपासून सव्वाशेंच्या वर गेली. मळी इतकी झाली कीं तिला गिऱ्हाईक मिळेना. पुढें १९४८ सालीं पेट्रोलांत मिसळावयाच्या मद्यार्कासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला. आज इथेनॉल म्हणून ज्याचा बोलबाला आहे, त्याचें एक मूळ या नकोशा मळींत आहे.

परंतु गटारांतून वाहून गेलेली साखर कोणाच्याच कामीं येत नाहीं. उलट ती अपाय करते. एक किलो साखर पाण्यांत पूर्णपणें कुजावयास एक किलोहून किंचित् अधिक प्राणवायु लागतो. स्वच्छ ओढ्याच्या एका लिटर पाण्यांत मात्र जेमतेम आठ मिलिग्रॅम प्राणवायु असतो. म्हणजे एक किलो साखर सुमारें १ लाख ४० हजार लिटर पाण्यांतील प्राणवायु गिळूं शकते. ओढ्यांतील मासे मरतात तें विषामुळेंच असें नाहीं. पुष्कळदां ते गुदमरून मरतात, आणि त्याचें कारण साखरेसारखा निरुपद्रवी वाटणारा पदार्थ असतो.

गुदमरण्याचें हें संकट माणसासहि चुकत नाहीं. तुंबलेल्या गटारांत व खड्ड्यांत हायड्रोजन सल्फाइड हा वायु सांठतो. थोडा असतां त्यास सडक्या अंड्याची घाण येते. फार झाला कीं नाकाची जाणीवच बधिर होते, आणि वास गेला असें समजून माणूस आंत उतरतो. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें, जो १ एप्रिल १९४९ पासून अमलांत आला, सांडपाण्याची नीट विल्हेवाट लावणें आणि विषारी वायूच्या बंदिस्त जागीं खबरदारीवांचून कोणास न उतरविणें, या दोन्ही गोष्टी कारखानदारावर बंधनकारक केल्या. महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषणाचा कायदा केला व १९७० सालीं त्यासाठीं मंडळ नेमलें. १९७४ सालीं केंद्राचा कायदा आला. तथापि कायदा गटाराच्या तोंडाशीं उभा असतो. रोग चरकाच्या पायथ्याशीं जन्मतो.

म्हणून जाणते कारखानदार पहिली जाळी गटाराच्या शेवटीं न बसवितां आरंभीं बसवितात. भुसा कोरडाच झाडून काढावा, वंगण वेगळ्या कुंडांत तरंगवून उचलावें, ठिबकणारा सांधा त्याच दिवशीं बांधावा आणि स्वच्छ पाणी घाण पाण्यांत मिसळूं देऊं नये. एवढें केलें म्हणजे पुढील शुद्धीकरण सोपें होतें व तें पाणी पुन्हां शेतास देतां येतें. यांत शेतकऱ्याचाहि स्वार्थ आहे. उंसाचा दर साखरेच्या उताऱ्याशीं बांधलेला असतो; गटारांत गेलेला प्रत्येक कण त्या उताऱ्यांतून वजा होतो.

जमाखर्चाच्या वहींत चूक लपवितां येते, गटारांत येत नाहीं. माळशिरसच्या कोरड्या रानांत कालव्याचें पाणी यावें म्हणून पिढ्यांनीं वाट पाहिली. त्या पाण्यावर वाढलेला गोडवा ओढ्यांत कुजूं देणें ही दुहेरी उधळपट्टी आहे. घरची मोरी तुंबूं नये म्हणून गृहिणी पानांतलें उष्टें आधींच वेगळें काढते. कारखान्यास याहून निराळें शहाणपण लागत नाहीं.