‘अंगी लागणे’ : खानदेशातील खुराक आणि त्याचे माप

खाद्याचे जनावराच्या देहात किती रूपांतर होते, हे मोजण्यासाठी जर्मनीत आल्ब्रेख्ट थेअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाळलेले गवत हे परिमाण मानले. १९०५ मध्ये ओस्कार केल्नर यांनी त्याजागी स्टार्च योजला. निर्वाहापलीकडील एक किलो पचलेल्या स्टार्चपासून प्रौढ बैलाच्या देहात सुमारे २४८ ग्रॅम चरबी साठते, असे त्यांचे अनुमान होते.

खानदेशाचा व्यवहार निराळा होता. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभागले गेलेले जळगाव-धुळ्याचे हे क्षेत्र कपाशीचे. ज्वारीचा कडबा ही तेथील वैरण, सरकी व ढेप हा खुराक. बाजारात बैलाचे मोल वजनावर नव्हे, तर दात, खांदा व चाल पाहून ठरे. ‘खाल्लेले अंगी लागले’ या वाक्प्रचारात रूपांतराची कल्पना स्पष्ट आहे. ‘किती’ हा प्रश्न मात्र नाही. तो प्रश्न मुख्यतः जेथे मांस वजनावर विकले जाते, तेथे उद्भवतो. येथे अंगी लागलेला खुराक नांगरावर व वखरावर खर्ची पडे. म्हणून केवळ वजनवाढीच्या गुणोत्तराने या बैलास निकृष्ट ठरविणे हा इतिहासाचा विपर्यास होय. परिमाण निवडताना जनावराचे प्रयोजनही निवडले जाते.